कॅप्टन जेम्स कुक व न्यूफाउंडलंडचा समुद्रतळ

कॅप्टन जेम्स कुक याचें नांव भूगोलाच्या पुस्तकांत वाचलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच असेल. ऑस्ट्रेलियाचा पूर्वकिनारा, न्यूझीलंड, हवाई बेटें, दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ समुद्र, हीं सर्व त्याच्या नांवाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. परंतु पॅसिफिक महासागरांत जाण्यापूर्वीं या मनुष्यानें एका अत्यंत खडकाळ, थंड व धुक्यानें भरलेल्या किनाऱ्यावर पांच उन्हाळे घालविले, आणि तेथील समुद्राची खोली व तळाची जात जागोजाग तपासून नकाशांत उतरविली, ही गोष्ट बहुतेक चरित्रांत एका ओळींत आटोपते. आमच्या मतें कुकचें खरें शिक्षण याच पांच वर्षांत झालें. म्हणून त्याच्या तीन जगप्रसिद्ध सफरी थोडक्यांत उरकून, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जरा अधिक रेंगाळण्याची परवानगी वाचकांनीं आम्हांस द्यावी.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत मार्टन नांवाच्या खेड्यांत इ. स. १७२८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ व्या तारखेस जेम्सचा जन्म झाला. बाप मूळचा स्कॉटलंडकडील, शेतावर मजुरी करणारा. आठ भावंडांत जेम्स दुसरा. पुढें तें कुटुंब ग्रेट एटन या गांवीं राहावयास गेलें. तेथील जमीनदार टॉमस स्कॉटो यानें मुलाची हुशारी पाहून त्याच्या शाळेचा खर्च आपल्या पदरचा केला. लिहिणें, वाचणें आणि थोडेंसें गणित, एवढेंच काय तें कुकचें शालेय शिक्षण. सोळा वर्षांचा झाल्यावर त्यास समुद्रकांठच्या स्टेथ्स गांवांत किराणा व कापड विकणाऱ्या एका दुकानदाराकडे ठेवण्यांत आलें. परंतु दाराशीं लाटा आपटत असतां दुकानांतील गजपट्टीवर मन कसें बसावें! दीड वर्षांतच त्या दुकानदारानेंच त्यास व्हिटबी बंदरांतील जॉन वॉकर या जहाजमालकाकडे नेऊन पोंचविलें. वॉकर हा क्वेकर पंथाचा, सरळ मार्गाचा गृहस्थ होता. त्याचीं जहाजें इंग्लंडच्या उत्तरेकडील कोळसा भरून लंडनला नेत असत.

हा कोळशाचा व्यापार म्हणजे त्या काळचें नाविकविद्येचें एक कठोर विद्यालयच होतें. इंग्लंडच्या पूर्वकिनाऱ्यालगत समुद्र उथळ, वाळूचे दांडे जागा बदलणारे, वारे बेभरंवशाचे. अशा पाण्यांत हातांतील दोरीस बांधलेला शिशाचा ओळंबा हाच खलाशाचा डोळा. हिवाळ्यांत जहाजें बंदरांत बांधून ठेवलीं कीं इतर उमेदवार मौज करीत. कुक मात्र वॉकरच्या घरीं मेणबत्तीच्या उजेडांत भूमिति, त्रिकोणमिति व ज्योतिष यांचा अभ्यास करीत बसे. इ. स. १७५५ त वॉकरनें त्यास एका जहाजाचें कप्तानपद देऊं केलें. सत्तावीस वर्षांच्या आंतच घरबसल्या चालून आलेलें हें पद त्यानें नाकारलें, आणि तो राजाच्या आरमारांत साधा खलाशी म्हणून दाखल झाला. व्हिटबींतील शहाण्या लोकांनीं त्या दिवशीं कपाळास हात लाविला असेल यांत संशय नाहीं.

दोनच वर्षांत परीक्षा देऊन तो मास्टर झाला. मास्टर म्हणजे जहाजाच्या मार्गाची, नकाशांची व सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर तो अधिकारी. या वेळीं अमेरिकेंत इंग्रज व फ्रेंच यांचें युद्ध जुंपलें होतें. पेम्ब्रोक जहाजावरून कुक तेथें गेला. इ. स. १७५८ च्या जुलै महिन्यांत केप ब्रेटन बेटावरील लुईबर्गचा फ्रेंच किल्ला पडला. दुसऱ्याच दिवशीं किनाऱ्यावर फिरत असतां त्यास सॅम्युएल हॉलंड नांवाचा एक डच वंशाचा इंजिनियर दिसला. तिवईवर एक चौकोनी फळी बसवून तो तिच्यावरून निरनिराळ्या दिशांस नेम धरी, व फळीवरच्या कागदावर रेघा ओढी. कुक जवळ गेला व हें काय चाललें आहे म्हणून त्यानें विचारलें. हॉलंडनें त्यास प्लेन टेबलाची रीत समजावून दिली. पेम्ब्रोकचा कप्तान जॉन सिमको हा स्वतः विद्याव्यासंगी असल्यामुळें त्यानें दोघांसही उत्तेजन दिलें, आणि त्या हिवाळ्यांत हॅलिफॅक्स बंदरांत जहाजाच्या मोठ्या खोलींत हे तिघे सेंट लॉरेन्स नदीच्या नकाशांवर वाकलेले असत.

जमीन मोजणारे व समुद्र मोजणारे असे त्या काळीं दोन वेगळे लोक होते. जमीन मोजणारा सांखळी व कोन यांवर विसंबे. समुद्रावरचा मनुष्य चालत्या जहाजावरून होकायंत्र पाहून, अंतराचा अदमास घेऊन किनारा रेखाटी. पहिल्याचा नकाशा किनाऱ्यापाशीं संपे, आणि दुसऱ्याचा नकाशा बहुधा चुके. या दोन विद्यांचा सांधा जुळविणें हेंच कुकचें पुढील काम ठरलें. इ. स. १७५९ त क्यूबेकवर चालून जाणाऱ्या आरमारासाठीं सेंट लॉरेन्स नदीच्या अवघड भागांत खोली मोजून खुणा लावण्याचें काम ज्या मास्टरांनीं केलें त्यांत तोही होता. फ्रेंचांनीं नदींतील सर्व जुन्या खुणा काढून टाकल्या होत्या, तरी तीं मोठमोठीं जहाजें तेथून सुखरूप वर गेलीं.

युद्ध संपलें व इ. स. १७६३ त पॅरिसचा तह झाला. या तहांत न्यूफाउंडलंडच्या मासळीस केवढें महत्त्व होतें हें आपल्याकडील वाचकांस सहज ध्यानांत येणार नाहीं. त्या बेटाभोंवतीं कॉड जातीचा मासा अमाप सांपडे. तो खारवून, किनाऱ्यावरील गोट्यांवर वाळवून युरोपांत जाई व लक्षावधि लोकांचें अन्न होई. शिवाय मासेमारीवर जो तरुण तयार होई तोच पुढें आरमारांत कामास येई. यामुळें फ्रान्सनें कानडा सोडला, पण या मासळीवरचा हक्क सोडला नाहीं. बेटाच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यांच्या मोठ्या भागावर मासे धरण्याची व वाळविण्याची फ्रेंचांस मुभा राहिली, आणि आसऱ्यासाठीं सेंट पियेर व मिकेलों हीं दोन लहान बेटें त्यांस देण्याचें ठरलें. आतां कोणता किनारा कोणाचा, कोणत्या खाडींत जहाज शिरेल, कोठें नांगर धरील, हें सांगावयास इंग्रजांजवळ विश्वासाचा नकाशाच नव्हता. जो होता तो इतका अपुरा कीं त्यावर भिस्त ठेवणारीं जहाजें खडकावर फुटत.

न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर टॉमस ग्रेव्हज यानें या कामासाठीं कुकची मागणी केली, आणि दररोज दहा शिलिंग वेतनावर त्याची नेमणूक झाली. काम हातीं आलें तेंच मोठ्या घाईचें. सेंट पियेर व मिकेलों फ्रेंचांच्या ताब्यांत देण्यापूर्वीं त्यांची मोजणी व्हावयास पाहिजे होती. पण कुक तेथें पोंचतो तों फ्रेंच गव्हर्नर आपलीं माणसें घेऊन दारांत हजर! ट्वीड जहाजाचा कप्तान चार्ल्स डग्लस यानें निरनिराळ्या सबबी सांगून त्या बिचाऱ्या फ्रेंच गृहस्थास कित्येक दिवस जहाजावरच थोपवून धरलें, आणि तिकडे कुक आपल्या होड्या घेऊन उजाडल्यापासून मावळेपर्यंत दोन्ही बेटांच्या भोंवतीं खोली मोजीत राहिला. राजकारणाच्या दृष्टीनें ही युक्ति कितपत सरळ होती हा प्रश्न निराळा. नकाशा मात्र पुरा झाला.

पुढील वर्षापासून कुकला ग्रेनव्हिल नांवाचें ६८ टनांचें लहान जहाज मिळालें. इ. स. १७६४ त उत्तरेचा किनारा, १७६५ व १७६६ त दक्षिणेचा, १७६७ त पश्चिमेचा, असा क्रम चालला. उन्हाळ्यांत मोजणी करावयाची, व हिवाळ्यास लंडनला परत जाऊन माइल एंड भागांतील आपल्या घरीं नकाशे स्वच्छ काढावयाचे. इ. स. १७६२ च्या डिसेंबरांत त्याचें एलिझाबेथ बॅट्स हिच्याशीं लग्न झालें होतें. पण संसाराच्या वांट्यास हिवाळाच तेवढा येई.

आतां त्याची रीत पाहूं. प्रथम किनाऱ्यावर एखादी सपाट जागा गांठून सांखळीनें एक सरळ रेषा अगदीं काटेकोर मोजावयाची. तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या टेंकडीवरील निशाणाकडे नेम धरून कोन घ्यावयाचे. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले कीं बाकीच्या बाजू गणितानें निघतात, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. त्या बाजूंवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, अशी ही जाळी टेंकड्याटेंकड्यांवरून पुढें सरके. भूमितीचा तास ज्यांस नीरस वाटतो त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं या त्रिकोणांवर हजारों कोळ्यांचे प्राण अवलंबून होते. जमिनीवरील खुणा अशा पक्क्या झाल्या म्हणजे होड्या समुद्रांत निघत. होडींतून त्या खुणांचे कोन घेतले कीं होडी नेमकी कोठें आहे हें कळे. मग तेथें ओळंबा सोडावयाचा, खोली लिहावयाची, थोडें पुढें जाऊन पुन्हां ओळंबा सोडावयाचा. असें दिवसभर, आणि असें पांच उन्हाळे.

या ओळंब्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. लांब दोरीच्या टोंकास शिशाचा जड ठोकळा असे. दोरीवर ठराविक अंतरावर चामड्याच्या व निरनिराळ्या कापडांच्या खुणा बांधीत, त्यामुळें अंधारांतही नुसत्या स्पर्शानें खलाशास खोली कळे. माप वावांचें. दोन्ही हात पसरले असतां होणारी ती वाव, म्हणजे सहा फूट. आपल्या कोळ्यांसही हें माप परकें नाहीं. पण खरी खुबी ठोकळ्याच्या बुडाशीं होती. तेथें एक खोलगट खांच ठेवून तींत चरबी भरीत. ठोकळा तळास टेंकला कीं चरबीस जें चिकटे तें वर येई: बारीक वाळू, निळसर चिखल, फुटके शिंपले, बारीक खडे. चरबी स्वच्छच वर आली, किंवा तिच्यावर नुसता ठसा उमटला, तर तळ उघड्या खडकाचा समजावयाचा. अशा रीतीनें ज्या समुद्राचा तळ डोळ्यांनीं कधीं कोणी पाहिला नव्हता त्याची माती चिमूटचिमूट गोळा होऊन कागदावर नोंदली जाई. भूस्तरशास्त्र हें नांवही त्या काळीं रूढ नव्हतें. तरी समुद्रतळाच्या भूस्तरांचें नकाशालेखन या चरबीच्या खांचेंतूनच सुरू झालें असें म्हणण्यास आम्हांस हरकत वाटत नाहीं.

तळ कसला हें जाणण्याची खलाशास इतकी निकड कां? एक तर नांगरासाठीं. चिखलांत नांगर घट्ट रुततो. गुळगुळीत खडकावर तो घसरतो, आणि फटींत अडकला तर सुटत नाहीं. एखादी खाडी दिसावयास कितीही आश्रयाची असो, तळ खडकाचा असेल तर वादळी रात्रीं तेथें जहाज उभें करणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण. दुसरें कारण धुकें. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेस उष्ण व थंड प्रवाह एकत्र येतात व दिवसचे दिवस दाट धुकें पसरतें. किनारा दिसत नाहीं, सूर्य दिसत नाहीं. अशा वेळीं अमुक खोली व अमुक रंगाची वाळू हाताशीं आली म्हणजे आपण कोठें आहों याचा तर्क चालतो. कुकनें नकाशांबरोबर नाविकांसाठीं जीं मार्गदर्शनाचीं पुस्तकें लिहिलीं त्यांत अमुक खडक अमुक टोंकापासून किती दूर, नांगर टाकण्यास योग्य तळ कोठें, सरपण व गोडें पाणी कोठें, मासे वाळविण्यास सोयीचा गोट्यांचा किनारा कोठें, हें सर्व येतें. वाक्यें रुक्ष आहेत. परंतु ज्याचें गलबत धुक्यांत अडकलें आहे त्यास अलंकार नको असतात.

तो किनारा असा विचित्र कां, हें मात्र कुकला ठाऊक नव्हतें, आणि त्याच्या हयातींत कोणासही ठाऊक नव्हतें. एके ठिकाणीं शंभर वाव पाणी, आणि हांकेच्या अंतरावर पाण्याबाहेर डोकें काढणारा खडक. खाडीच्या आंत खोल डोह, पण तोंडाशीं उथळ उंबरठा. उभ्या कड्यांच्या मधून मैलचे मैल आंत शिरणारें अरुंद, काळेंभोर पाणी. इ. स. १८४० त, म्हणजे कुकच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनीं, स्वित्झर्लंडच्या लुई अगासीनें हिमनद्यांविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर हळूहळू या कोड्याचा उलगडा होत गेला. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं न्यूफाउंडलंड बेट बर्फाच्या प्रचंड थराखालीं दडपलेलें होतें. जगांतील इतकें पाणी जमिनीवर गोठून राहिल्यामुळें समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें चारशें फूट खालीं गेली होती. डोंगरांतून सरकत येणाऱ्या हिमनद्यांनीं, पोटाशीं धरलेल्या दगडगोट्यांसह, दऱ्यांचे तळ कानशीनें घासावे तसे घासले व कित्येक ठिकाणीं समुद्रपातळीच्याही खूप खालीं कोरून काढले. जेथें हिमनदी अडली किंवा पातळ झाली तेथें खडक कमी झिजला, किंवा तिनें वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध पडला. तोच खाडीच्या तोंडचा उंबरठा. बर्फ वितळल्यावर समुद्र या दऱ्यांत शिरला. डोहांत बारीक गाळ बसला, उंचवट्यांवर उघडा खडक व वाहून आलेले धोंडे राहिले. आपल्या कोकणच्या किनाऱ्यासही खडक आहेत व खाड्याही आहेत, परंतु त्या नद्यांनीं व लाटांनीं घडविलेल्या; हिमनदीचा हात त्यांस लागलेला नाहीं. म्हणून आपल्या खाडीच्या अनुभवावरून न्यूफाउंडलंडच्या खाडीची कल्पना करूं गेल्यास ती फसते.

हें सर्व वाचून कुकच्या नकाशांकडे पाहिलें म्हणजे मोठें नवल वाटतें. खडक, उंबरठा, डोह, चिखल, गोटे, हिमयुगाचे हे सारे अवशेष त्यानें टिपले होते. फक्त त्यांस जोडणारी कथा त्याच्याजवळ नव्हती. म्हणून त्यानें ती रचलीही नाहीं. जें दोरीनें सांगितलें तेंच लिहिलें. आज याच जातीच्या किनाऱ्यांची पाहणी करणारीं जहाजें ध्वनिलहरींचा पंखा समुद्रांत पसरवितात व परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तळाचें अखंड चित्र काढतात. कठीण खडकावरून प्रतिध्वनि जोरानें येतो, मऊ चिखलावरून मंद येतो. त्यावरून तळाची जात ओळखतात, आणि खात्रीसाठीं तळाचा नमुना अजूनही वर काढून पाहतात. चरबीची खांच गेली, प्रश्न मात्र तेच दोन राहिले: किती खोल, आणि खालीं काय?

या कामांत धोके कमी नव्हते. इ. स. १७६४ च्या ऑगस्ट महिन्याच्या ६ व्या तारखेस बेटाच्या उत्तर भागांत मोजणी चालू असतां कुकच्या हातांत धरलेलें बंदुकीच्या दारूचें शिंग एकाएकीं पेटून फुटलें. उजव्या हाताचा आंगठा व बोटें यांच्या मधला भाग फाटला. ग्रेनव्हिलवर वैद्य नव्हता. जवळच्या बंदरांत एक फ्रेंच मासेमारी जहाज होतें, त्यावरील वैद्यानें जखमेवर उपचार केले. ज्यांच्याशीं या किनाऱ्यासाठीं हेवादावा चालला होता त्यांच्याच माणसानें हा हात वांचविला. व्रण मात्र जन्मभर राहिला. कुक जखमेंतून उठेपर्यंतही मोजणी थांबली नाहीं. त्याच्या हाताखालच्या माणसांनीं ती चालू ठेविली.

इ. स. १७६६ च्या ऑगस्टच्या ५ व्या तारखेस दक्षिण किनाऱ्यालगतच्या बर्जियो बेटांवरून त्यानें सूर्यग्रहणाचे वेध घेतले. हवा त्या दिवशीं सुदैवानें निवळ होती. त्याच ग्रहणाचे इंग्लंडांत घेतलेले वेध ताडून पाहून त्या ठिकाणाचे रेखांश काढण्यांत आले, व तो वृत्तांत रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला. शेतमजुराच्या मुलाचें नांव देशांतील पहिल्या प्रतीच्या विद्वानांसमोर आलें तें असें. त्याचे छापील नकाशे एकोणिसाव्या शतकांतही कित्येक वर्षें वापरांत होते.

एक गोष्ट येथें झांकून ठेवणें बरें नव्हे. त्या बेटावर बिओथुक नांवाचे मूळ रहिवासी होते. मासेमारी करणाऱ्यांच्या वसाहती जसजशा किनाऱ्यावर वाढल्या तसतसे हे लोक समुद्रापासून, म्हणजे आपल्या अन्नापासून, आंत हटविले गेले. शनाडिथिट या स्त्रीच्या मृत्यूबरोबर इ. स. १८२९ त त्यांचें शेवटचें ज्ञात मनुष्य गेलें. हा अनर्थ कुकच्या नकाशानें घडविला असें नाहीं. त्याचा आरंभ फार पूर्वींच झाला होता. परंतु चांगला नकाशा किनाऱ्याचा रस्ता सर्वांसच मोकळा करितो, आणि त्या रस्त्यानें कोण येईल हें नकाशा काढणाऱ्याच्या हातीं नसतें.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. इ. स. १७६८ त एंडेव्हर जहाज घेऊन कुक ताहिती बेटाकडे निघाला व ३ जून १७६९ रोजीं त्यानें तेथें शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घेतले. नंतर सहा महिन्यांत न्यूझीलंडचा सबंध किनारा रेखाटला. एंडेव्हर हें मूळचें व्हिटबीचें कोळसा वाहणारें जहाज, म्हणजे त्याच्या जुन्या ओळखीचें. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत ११ जून १७७० च्या रात्रीं चांदणें स्वच्छ होतें, ओळंबा चालू होता, सतरा वाव पाणी लागलें होतें. आणि ओळंबेवाला दुसऱ्यांदा दोर टाकतो न टाकतो तोंच जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळलें. दोन मोजमापांच्या मधल्या पाण्याविषयीं ओळंबा मुका असतो, हें त्या विद्येच्या एवढ्या मोठ्या जाणत्यासही असें शिकावें लागलें. तोफा व जड सामान समुद्रांत फेकून, जवळजवळ संबंध एक दिवस झटून त्यांनीं जहाज मोकळें केलें. प्रवाळाचा एक तुकडा भोंकांत तसाच अडकून राहिल्यामुळें पाणी कमी शिरलें, असें पुढें दुरुस्तीच्या वेळीं आढळलें.

दुसऱ्या सफरींत, इ. स. १७७३ च्या मार्च महिन्यांत, तो न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील डस्की साउंडमध्यें शिरला. तोच उभा कडा, तेंच काळें पाणी. मधोमध ओळंबा तळास लागेना. हाही हिमनदीनेंच कोरलेला किनारा. न्यूफाउंडलंडमध्यें जो शिकला होता त्यानें वेळ न दवडतां कांठालगतचा अगदीं लहानसा आडोसा शोधून काढला, व जहाज झाडांस बांधून ठेविलें. याच सफरींत तो दक्षिण ध्रुववृत्त ओलांडून गेला. तिसऱ्या सफरींत, इ. स. १७७८ त, अलास्काच्या एका लांब आखातांत तो उत्तरेकडील मार्ग सांपडेल या आशेनें वर वर गेला. पण पाणी गढूळ व कमी खारट होत चाललेलें पाहून पुढें रस्ता नाहीं, नदी आहे, हें त्यानें ओळखलें. त्या आखातास आज त्याचेंच नांव आहे, व त्यांतील पुष्कळसा गाळ आजही तेथील हिमनद्यांच्या घासणीचा आहे.

इ. स. १७७९ च्या आरंभीं तो हवाई बेटावरील केआलाकेकुआ उपसागरांत होता. तेथून निघाल्यावर वादळांत डोलकाठी मोडली म्हणून त्यास परतावें लागलें. या वेळीं लोकांशीं पूर्वींचा स्नेह राहिला नव्हता. जहाजाची एक होडी चोरीस गेली. ती परत मिळावी म्हणून कुक शिपाई घेऊन किनाऱ्यावर उतरला व तेथील राजासच ओलीस म्हणून जहाजावर नेऊं लागला. हा अविचार होता. वीस वर्षें ज्यानें प्रत्येक पाऊल मोजून टाकिलें त्याच्या हातून तो घडावा हें दुर्दैव. जमाव खवळला, बंदुका सुटल्या, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजीं पाण्याच्या कांठावर कुक मारला गेला. त्याचे चार सैनिक व कित्येक हवाईकरही त्या दिवशीं पडले.

कांहीं दिवसांनीं हवाईच्या लोकांनीं त्याच्या देहाचे अवशेष वस्त्रांत गुंडाळून जहाजावर आणून दिले. ते त्याचेच कीं काय अशी शंका राहूं नये असें एकच चिन्ह त्यांत होतें. उजव्या हाताच्या आंगठ्याजवळ एक लांब जुना व्रण होता, न्यूफाउंडलंडमध्यें दारूचें शिंग फुटलें त्या दिवसाचा. सोबत्यांनीं तो ओळखला, आणि २१ फेब्रुवारीस ते अवशेष त्या उपसागराच्या पाण्यांत सोडण्यांत आले.

एलिझाबेथ कुक त्यानंतर ५६ वर्षें जगली. सहा मुलें झालीं, तीं सर्व तिच्या डोळ्यांदेखत गेलीं. त्यांपैकीं दोन मुलगे समुद्रावरच. इ. स. १८३५ त, वयाच्या ९३ व्या वर्षीं, तिचें देहावसान झालें. तत्पूर्वीं नवऱ्याचीं घरगुती पत्रें तिनें जाळून टाकलीं. रोजनिश्या, नकाशे व त्यांवरील खोलीचे आंकडे सरकारदप्तरीं होते, ते राहिले.